फुलपाखरं बघून घानाचं जंगल वाचतं म्हणे!

रानजांभूळ: काल इथे कुणीतरी लिहिलं की घानातल्या बोबिरीच्या जंगलात जा, तिकीट काढा, फुलपाखरं बघा, जंगल आपोआप वाचतं. हे 'आपोआप' वाचून डोकं फिरलं. कुमासी शहराजवळचं हे जंगल 1939 साली राखीव झालं ते लाकूडफाट्याच्या हिशेबाने. फुलपाखरांच्या चारशेवर जाती नोंदल्या आहेत, मान्य. पण घानातल्याच अटेवाच्या डोंगरी जंगलाचं काय? साडेपाचशेहून जास्त जाती, जिला नावच त्या डोंगराचं मिळालं ती मायलोथ्रिस अटेवा ही फुलपाखराची जात, डेन्सू, बिरिम, आयेन्सू या नद्यांचा उगम, आणि पायाखाली बॉक्साइट, ॲल्युमिनियमचं खनिज. बॉक्साइटच्या खाणीशी तुमचं तिकीट झुंजणार?

शिंपी_पक्षी: तिकीट नाही झुंजणार, पण गावातल्या चार पोरांना गाइड म्हणून रोजगार मिळाला तर चेनसॉवाल्याची खबर कोण देईल? गावकरीच ना. काकुम राष्ट्रीय उद्यान बघा, 1995 पासून झाडांच्या शेंड्यांमधून झुलते पूल आहेत. पैसा येतो.

रानजांभूळ: पैसा पुलांना येतो, फुलपाखरांना नाही. सात पूल, साडेतीनशे मीटर, जमिनीपासून चाळीसेक मीटर उंच. ओरडत जायचं, सेल्फी काढून उतरायचं. युफेड्रा आणि बेबेरिया ही फुलपाखरं खाली पाचोळ्यात, पडलेल्या फळांवर. तिकडे बघतंय कोण?

ताडगोळा: म्हणूनच केळ्याचं आमिष घालून सापळे लावतात. केळ्याशिवाय पर्यटकाला काहीच दिसत नाही.

शिंपी_पक्षी: केळी लावणं म्हणजे फसवणूक.

ताडगोळा: आधी नीट लावून बघा. अतिपिकली केळी सालासकट कुस्करायची, ताडी नाहीतर बिअर घालायची, दोन-तीन दिवस झाकून फसफसू द्यायचं. जाळीचं नळकांडं आणि खालची थाळी यांत तीन-चार सेंटीमीटरची फट. जास्त ठेवली तर आलेली फुलपाखरं खालूनच निसटतात, कमी ठेवली तर कॅरॅक्सिससारखी मोठी फुलपाखरं आत शिरत नाहीत. दोरीला ग्रीस लावलं नाही तर मुंग्या थाळीपर्यंत पोचतात, मग उरतात नुसते पंख. सापळा सकाळ-संध्याकाळ रिकामा करायचा, दुपारच्या उन्हात टांगून ठेवला तर आतली मरतात.

रानजांभूळ: आणि एवढं करून यादी अर्धवटच! केळ्याला फळ खाणारीच येतात. अँटिमॅकस, आफ्रिकेतलं सर्वांत मोठं फुलपाखरू, त्याचे नर ओल्या वाळूवर उतरतात, माद्या झाडांच्या शेंड्यावरच. पिएरिडी कुळातली पांढरी-पिवळी फुलपाखरं तर सापळ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. तरी "सापळ्यात इतक्या जाती, म्हणजे जंगल निरोगी" असे निष्कर्ष निघतात.

ताडगोळा: मग वाळूवर मूत्र शिंपडा, कुजका खेकडा ठेवा. कॅरॅक्सिस त्यालाही येतात. पर्यटकाला वास सोसत असेल तर.

शिंपी_पक्षी: धन्य! खाण राहिली बाजूला, खेकड्यावर आलात.

रानजांभूळ: बरं, तुमचं एक मान्य. गाइड हवेत. पण एक सापळा जमिनीलगत आणि एक शेंड्याशी टांगायला शिकवा, दर महिन्याला त्याच झाडांवर, आणि नोंदी तारखेनिशी ठेवा. झाड तुटलं की शेंड्यावरच्या जाती खाली दिसू लागतात, हे वहीत पकडता येतं. नुसत्या फोटोंनी खाणवाल्याला उत्तर देता येत नाही.

शिंपी_पक्षी: वहीचे पैसे कुठून येणार? तिकिटातूनच ना, महाराज!