थंडरबर्डमधून एन्क्रिप्टेड मेल जात नाही, तातडीने मदत हवी आहे

खटपट्या: थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये की (मेल कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, करायची डिजिटल किल्ली) तयार केली, एन्क्रिप्टवर टिक केलं, पण सेंड दाबलं की अडतंय. कागदपत्रं आज रात्रीच्या आत जायला हवीत. सेटिंग कुठे बिनसलंय? 'तुला कशाला हवंय हे' हे घरी ऐकून झालंय, इथे नको.

फटकळ: अडतंय म्हणजे? एरर टाक की. आणि पाठवतोयस कोणाला?

खटपट्या: वकिलांना. त्याने काय फरक पडतो? समोरच्याची की नाही म्हणतंय. माझी आहे ना!

फटकळ: मेल तुझ्या कीने नाही, त्यांच्या पब्लिक कीने, म्हणजे ते इतरांना देतात त्या कीने, बंद होतो. तुझी प्रायव्हेट की तुला आलेले मेल उघडायला. त्यांनी की बनवलीय का?

जुनाजाणता: फिल झिमरमन यांनी १९९१ साली पीजीपी, म्हणजे अशा कींनी मेल बंद करणारं सॉफ्टवेअर, आणलं ते सामान्य माणसासाठीच. पूर्वी थंडरबर्डला एनिगमेल हे जोड-सॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागे, आवृत्ती ७८ पासून सगळं आतच आहे. वकिलांना की बनवायला सांगा, कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख पटवणारी अक्षर-आकड्यांची ओळ, फोनवर वाचून जुळवा. अर्ध्या तासाचं काम.

मावशी_ऑनलाइन: अर्धा तास म्हणे! १९९९ च्या त्या प्रसिद्ध चाचणीत दीड तास देऊनही एक तृतीयांश लोकांनाच पीजीपी धड जमलं होतं. आणि की हरवली की जुने मेल गेलेच समजा.

निवांत: आता बहुतेक ठिकाणी टीएलएस, म्हणजे वाटेत मेल झाकायची सोय, असतं, वाटेत कोण वाचतंय? खात्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी खात्री) लावा आणि झोपा.

जुनाजाणता: टीएलएस प्रवासापुरतं हो. दोन्हीकडच्या सर्व्हरवर मेल उघडाच पडलेला असतो.

निवांत: आणि पीजीपीत कोणी, कोणाला, कधी पाठवलं ते झाकलं जातं का? नाही ना!

कीबोर्डवीर: माझे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जातात. एन्क्रिप्ट केले तर थांबेल का?

फटकळ: नाही, आणि त्यासाठी वेगळा धागा काढा. @खटपट्या, आजपुरतं की सोड, फाइललाच कुलूप लाव. ७-झिप हा फाइली बांधायचा प्रोग्रॅम घे, ७झेड फॉरमॅट निवड, पासवर्ड टाक, खालचा 'फाइलची नावं एन्क्रिप्ट करा' हा चौकोनही टिक कर. साध्या झिपमध्ये पासवर्ड असला तरी नावं दिसतात, आणि 'घटस्फोट_मसुदा' हे नावच पुरेसं बोलकं असतं. पासवर्ड फोनवर सांग.

मावशी_ऑनलाइन: हो, नाहीतर फाइल एका मेलमध्ये आणि पासवर्ड लगेच पुढच्या! आमच्याकडे शिकली-सवरलेली माणसं सर्रास करतात.

खटपट्या: ७झेड उघडत नाही म्हणताहेत. ते मेल फोनवरच बघतात.

फटकळ: हे आधी सांगायचं ना! मग पीडीएफलाच पासवर्ड लाव. कागद कशात टाइप केलेत?

खटपट्या: लिब्रेऑफिस. सापडलं, पीडीएफ एक्स्पोर्टच्या खिडकीत सिक्युरिटी टॅब आहे. पण दोन पासवर्ड मागतंय.

फटकळ: वरचा, फाइल उघडायचा, तो लाव. दुसरा नुसता छपाई आणि बदल अडवतो, वाचणाऱ्याला थांबवत नाही. जन्मतारीख ठेवू नकोस, वकिलांच्या कागदातच ती असणार.

खटपट्या: गेलं. पासवर्ड फोनवर सांगितला, फाइल उघडली त्यांच्याकडे.

जुनाजाणता: चांगलं झालं. तरी सवडीने त्यांना की बनवायला सांगाच.

कीबोर्डवीर: स्पॅमचा धागा काढलाय, जरा बघा.