मदत हवी आहे : 'चार दिवस सासूचे' मधली वंशावळ

नमस्कार मंडळी. आईसाठी विचारते आहे. ती ७६ वर्षांची, माहेर-सासर दोन्ही नाशिकचंच. ई टीव्ही मराठीवर २००१ मध्ये 'चार दिवस सासूचे' सुरू झाली तेव्हापासून तिने एक दोनशे पानी वही केली होती. देशमुखांच्या घरातलं कोण कोणाचं, कोणाचं लग्न कधी झालं, कोण रुसून गेलं, सगळं निळ्या शाईत. नट बदलला की त्याच नावापुढे लाल फुली. "माणूस तेच, चेहरा नवा," म्हणायची.

सप्टेंबर २००८ च्या गोदावरीच्या पुरात दहीपुलाजवळच्या आमच्या घरात पाणी शिरलं आणि वहीचा लगदा झाला. मालिका पुढे २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले, पण आईने परत वही धरली नाही. आता मात्र रोज विचारते.

आशालता (रोहिणी हट्टंगडी) आणि अनुराधा (कविता लाड) तिला पक्क्या आठवतात. बाकीची मुलं, सुना, नातवंडं यांचा गोंधळ होतो. एवढी वर्षं चालणाऱ्या मालिकेत जोड्या तुटतात, पुन्हा जुळतात, मध्येच काळ पुढे सरकतो; साहजिकच आहे ते.

कोणाला नीट आठवत असेल तर घराण्याची नावं आणि नाती क्रमाने लिहाल का? कोणत्या भूमिकेत कलाकार बदलले तेही हवं. नवी वही आणि लाल पेन आणून ठेवलंय.