कार्यालयातील समारंभ आणि कचरा: पेले बदलून प्रश्न सुटतो का?

धागाकर्ता: वाढदिवस, बढती, निरोप अशा निमित्ताने आमच्या कार्यालयात महिन्यातून एकदा तरी छोटा समारंभ होतो. गेल्या वेळी मी आवरायला मागे थांबलो, तेव्हा साठ माणसांच्या दीड तासाच्या कार्यक्रमातून कचऱ्याच्या चार गच्च पिशव्या निघाल्या. त्यांत अर्धवट प्यायलेले कागदी पेले होते, क्रीम चिकटलेल्या बश्या होत्या आणि नाव व वर्ष छापल्यामुळे पुन्हा कोणाच्याही उपयोगी न पडणारा अभिनंदनाचा फलक होता. कागदी पेला निरुपद्रवी वाटतो, परंतु त्याला आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो आणि तो कागदापासून सोडवणे जिकिरीचे असल्याने असे पेले सहसा रद्दीत चालत नाहीत. म्हणून कार्यालयाने एकदाच टिकाऊ पेले व ताटल्या घ्याव्यात आणि फुगे व चमकी बंद करावी, असा माझा प्रस्ताव आहे.

प्रतिसाद १: फुग्यांबद्दल दुमत नाही. परंतु साठ पेले आणि साठ ताटल्या धुणार कोण, याविषयी प्रस्तावात एक अक्षरही नाही. संध्याकाळी सहा वाजता आपण पर्यावरणरक्षणाचे समाधान घेऊन घरी जाणार आणि पॅन्ट्रीतल्या एकुलत्या एका बेसिनपाशी सफाई कर्मचारी वाळलेले क्रीम खरवडत उभा राहणार, हे मला पटत नाही. शिवाय रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ साली केलेल्या तुलनेनुसार, ऊर्जेच्या हिशेबात कागदी पेल्याची बरोबरी करण्यासाठी चिनी मातीचा पेला सुमारे ३९ वेळा वापरावा लागतो. महिन्यातून एकदाच बाहेर निघणाऱ्या पेल्याला त्यासाठी तीन वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि तोवर त्यांतले किती शाबूत राहतील?

प्रतिसाद २: मग विघटनशील पेले आणावेत, धुणेही नको आणि प्लास्टिकही नको.

प्रतिसाद ३: हे देखल्या देवा दंडवत झाले. पीएलए या वनस्पतिजन्य प्लास्टिकचे पेले कुजण्यासाठी औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातील सुमारे ६० अंश सेल्सिअसची उष्णता लागते. साध्या कचराभूमीत ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहतात. तसा प्रकल्प हाताशी नसेल, तर पेल्यावरचे हिरवे पान केवळ शोभेचे आहे.

मात्र आपण सगळेच पेल्यांत अडकलो आहोत. त्या चार पिशव्यांत उरलेले अन्न किती होते, हे धागाकर्त्याने सांगितलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. कचराभूमीत हवेविना कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक आहे. आदल्या दिवशी येणाऱ्यांची नावे घेऊन तेवढ्यांपुरतेच मागवले, तर पेले बदलण्याआधीच निम्मे काम होईल.

प्रतिसाद १: नावे देऊन न येणारे आणि न देता येणारे, दोघेही असतात. अन्न कमी पडले तर बोल आयोजकालाच लागतो, म्हणून तो हात सैल सोडतो. मीही सोडला असता.

धागाकर्ता: अन्नाचा मुद्दा मान्य आहे, दोन पिशव्या त्याच्याच होत्या, आणि ते मी लिहायला हवे होते. धुण्याविषयीचा आक्षेपही रास्त असल्याने नव्या खरेदीचा प्रस्ताव मी मागे घेतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या टेबलावर रोजच्या चहाचा पेला असतोच. समारंभात प्रत्येकाने तोच आणावा आणि स्वतःच विसळून न्यावा. रोज वापरात असलेला पेला ३९ चा आकडा दोन महिन्यांत गाठतो.

प्रतिसाद १: याला माझा विरोध नाही. फक्त विभागप्रमुखांचा पेला कोण विसळणार, हे पहिल्याच समारंभात पाहून घ्यावे.