पॉल मॅक्रेडी आणि त्यांचं घर
विमानांच्या मागे लागलेला इंजिनियर घराला पारखा होतोच, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. कॅलिफोर्नियाच्या पॉल मॅक्रेडींचंच बघा. एका नातेवाइकाच्या धंद्याला ते जामीन राहिले, धंदा बुडाला आणि सुमारे १ लाख डॉलरचं कर्ज अंगावर आलं. माणसाच्या ताकदीवर उडणाऱ्या विमानासाठी ५० हजार पौंडांचं क्रेमर पारितोषिक तेव्हा कुणालाच मिळालेलं नव्हतं; ते जिंकलं तर कर्ज फिटणार होतं. १९७६ मध्ये बायकामुलांसोबत फिरायला गेले असताना घिरट्या घालणारी गिधाडं बघून त्यांचं पंखांचं गणित सुटलं.

त्यातून झालेलं त्यांचं विमान 'गॉसमर काँडर' म्हणजे अॅल्युमिनियमच्या नळ्या, पियानोची तार आणि मायलार या प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा. पंख २९ मीटर, वजन जेमतेम ३२ किलो! खरी हुशारी इथे आहे: मोडलं की चिकटपट्टी लावून पुन्हा चटकन उडवता यायचं, त्यामुळे चाचण्या भराभर झाल्या. २३ ऑगस्ट १९७७ ला सायकलपटू ब्रायन अॅलनने त्यात पेडल मारत बक्षीस जिंकलं.

पुढे १९८० मध्ये सौरऊर्जेवरच्या 'गॉसमर पेंग्विन'ला हलका वैमानिक हवा होता. तेव्हा चाचणीला बसला मॅक्रेडींचा १३ वर्षांचा मुलगा मार्शल.