उसाचं पीक वरून बघायला ड्रोन लावावा की फुकटचं सॅटेलाइट पुरेल? सल्ला हवाय

शिरोळचा_ऊसवाला:
नमस्कार मंडळी. ६ एकर ऊस आहे शिरोळ तालुक्यात, गेल्या वर्षीच्या जुलैची आडसाली लागण, म्हणजे आता १५ महिन्यांचा झालाय आणि डोक्यावरून पार गेलाय, आत शिरायचं म्हणजे पाल्यानं हात कापून घ्यायचे. रस्त्याकडेनं बघितला तर एक नंबर दिसतो, पण गेल्या खेपेलाही असाच दिसत होता आणि तोडीच्या वेळी आत पाऊण एकर नुसतं वाडं निघालं. आता गावात एकजण ड्रोन घेऊन फिरतोय, एकरी ४०० घेऊन रंगीत नकाशा देतो म्हणतो आणि तीनदा उडवावा लागेल म्हणतो. घ्यावा का? आबा म्हणतात वरनं बघून ऊस वाढत नसतो.

गुंठामंत्री:
थांब भावा, पैसे देऊ नको इतक्यात. सेंटिनल-२ नावाचे युरोपचे उपग्रह आहेत, कोपर्निकस ब्राउझरवर लॉगिन केलं की फोटो फुकट दिसतात, दर ५ दिवसांनी नवा. त्याचा एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे आपला जवळजवळ एक गुंठाच! एकराला ४० ठिपके, तुझ्या ६ एकराला २४०. पाऊण एकर गेला तर ३० ठिपके बोंबलणार, ते दिसल्याशिवाय राहत नाहीत. बांधाकडेच्या ठिपक्यांवर मात्र विश्वास ठेवू नको, त्यात शेजाऱ्याचं नारळाचं झाडपण मिसळलेलं असतं.

अडचण एकच, जून ते सप्टेंबर बघशील तर नुसता कापूस. ढगाच्या सावलीचा काळा डागपण असतो आणि नवीन माणूस तो रोग समजून औषध घेऊन पळतो (मी पळालोय).

निफाडकर_द्राक्ष:
ऊसवाल्यांचं बरंय राव, सगळं हिरवं एकसलग. आमच्याकडे दोन ओळींमध्ये ९-१० फूट मोकळी जागा, तिथं गवत माजलं की सॅटेलाइट म्हणतं बाग जोरात आहे, आणि वर प्लास्टिक टाकलं असेल तर ते प्लास्टिकच बघत बसतं. शिवाय डाउनी रोगाची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला येते, वरून दिसेपर्यंत तुमचा आठवडा गेलेला असतो. आम्ही फळछाटणीनंतर रोज सकाळी पान उलटून बघतो, त्याला अजून तरी पर्याय नाही. द्राक्षात ड्रोनचा उपयोग झाला तो कुठल्या ओळीत पानांचा पसारा (कॅनॉपी) विरळ आहे ते कळायला, रोगाला नाही.

बांधावरून_टेकऑफ:
मी स्वतः ड्रोन उडवतो, तरी सांगतो की आधी सॅटेलाइट बघा. ड्रोनवाल्याला एकच प्रश्न विचारा, कॅमेरा कुठला? साध्या कॅमेऱ्याला एनडीव्हीआय, म्हणजे पीक किती हिरवं आणि जोमात आहे ते सांगणारा आकडा, काढताच येत नाही. निरोगी पान लाल उजेड पिऊन टाकतं आणि डोळ्याला न दिसणारा निअर इन्फ्रारेड परत फेकतं, एनडीव्हीआय म्हणजे त्या दोघांच्या फरकाला बेरजेनं भागायचं, आणि इन्फ्रारेड टिपणारा मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरा वेगळा असतो आणि महाग असतो. नुसते फोटो काढून त्यावर हिरवा-लाल रंग मारून देणारे मी बघितलेत. उडवण्याआधी पांढऱ्या-करड्या पॅनेलचा फोटो घेतो का तेही बघा, नाहीतर सप्टेंबरचा नकाशा आणि नोव्हेंबरचा नकाशा एकमेकांशी ताडून बघता येत नाही.

आणि स्वतः विकत घ्यायचा विचार असेल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचा, २५० ग्रॅमच्या वरच्याला नोंदणी लागते, सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरच्या नकाशात आपलं गाव ग्रीन झोनमध्ये आहे का बघा, असेल तर १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही. बाहेरून ड्रोन मागवायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, त्यामुळे मित्राकडून दुबईवरून आणतो वगैरे करू नका.

खोडवा_स्पेशालिस्ट:
गुंठामंत्री, १५ महिन्यांच्या उसात एनडीव्हीआय काय दाखवणार? सगळं ०.८ च्या आसपास, चांगलं आणि मध्यम सारखंच हिरवं. दाट पिकात तो आकडा वर जाऊन टेकतो आणि मग हलत नाही. मोठ्या उसाला एनडीआरई बघायचा, एनडीव्हीआयचाच भाऊ, फक्त लालऐवजी लाल आणि इन्फ्रारेडच्या मधला उजेड घेतो. ब्राउझरच्या कस्टममध्ये जाऊन, बँड ८ (इन्फ्रारेड) आणि बँड ५ (तो मधला उजेड) घेऊन स्वतः बनवावा लागतो. फक्त तिथं ठिपका २० मीटरचा होतो, म्हणजे ४ गुंठ्यांचा. आणि तुरा आला असेल तर आकडा आपोआप पडतो, घाबरू नको.

मोबाइल ॲपमध्ये अजून एक घोळ आहे. लाल म्हणजे आजारी असं नसतं हो, बरीच ॲप तुमच्याच शेतातला सगळ्यात कमी आकडा लाल करून टाकतात. आमच्या शेजाऱ्यानं उत्तम उसात लाल बघून दोन पोती युरिया ओतला.

आणि ऊसवाले, नुसता आजचा फोटो बघू नका. मागची वर्षं काढा, २०१७ पासूनचे आरामात मिळतील. एप्रिल-मेमधले, ऊस तुटून रान मोकळं असतानाचे.

शिरोळचा_ऊसवाला:
रात्री दोन वाजेपर्यंत बसलो होतो, घरच्यांनी लाइट बंद करायला लावली.

खालचा ओढ्याकडचा कोपरा, मोकळ्या रानाच्या प्रत्येक फोटोत पांढुरका. २०१८ ला चार-पाच ठिपके होते, आता वीसच्या वर. आबांना दाखवलं तर म्हणाले, "तिथं मीठ फुलतंय हे तुला दहा वर्षं सांगतोय, तवा ऐकलं न्हाईस, आता युरोपनं सांगितल्यावर ऐकतोस."

दुसरं म्हणजे यंदाच्या एप्रिलमधल्या मॉइश्चर इंडेक्समध्ये (पिकातला ओलावा दाखवणारा नकाशा) मधेच एक पट्टा कोरडा, कडा अगदी सरळ. रोग काय दोरी लावून पडत नाही, म्हणून आज शर्टावर शर्ट घालून आत शिरलो. ठिबकच्या तिसऱ्या सेक्शनचा व्हॉल्व्ह. हँडल फिरतंय, पण आतला गोळा फिरतच नाही, अर्धवट उघडा राहिलाय. लॅटरलचं (ठिबकच्या बारीक नळीचं) टोक सोडलं तर पाणी नुसतं लाळ गळल्यासारखं. कधीपासून असंय देव जाणे. व्हॉल्व्ह बदलला. ड्रोनवाल्याला नंतर बघू म्हणून सांगितलंय.

आता त्या खारवट कोपऱ्यात जिप्सम टाकू का?

गुंठामंत्री:
😂 आबांना साष्टांग

खोडवा_स्पेशालिस्ट:
जिप्समची घाई नको. नुसतं क्षारयुक्त असेल तर जिप्समनं काही होत नाही, पाण्याला बाहेर जायला वाट पाहिजे, चर काढ नाहीतर जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा कर. चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेली जमीन असेल तर जिप्सम, आणि तेही निचरा असेल तरच. नुसतं वरून बघून दोन्हीतला फरक कळत नाही. वरच्या एका फुटाची आणि त्याखालच्या दुसऱ्या फुटाची माती वेगळ्या पिशवीत घे, चांगल्या जागेची एक तिसरी पिशवी जुळवून बघायला, आणि माती तपासणाऱ्या लॅबच्या चिठ्ठीवर ईसी (क्षार किती), पीएच (आम्ल की विम्ल) आणि ईएसपी (सोडियमचा वाटा) असं स्पष्ट लिही, नाहीतर ते नुसतं एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश) काढून देतात आणि आपण बघत बसतो.

शिरोळचा_ऊसवाला:
तिसरी पिशवी कुठून घेऊ, आबा म्हणतात विहिरीजवळची घे, तिथं ऊस कधी फसला नाही.

खोडवा_स्पेशालिस्ट:
आबा म्हणतील तिथली घे.