एकदम चार धंदे समोर आलेत, कुठला धरू आणि कुठला सोडू?

माच्छेकर_सेटर
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वाचून सांगा. डिप्लोमा झाल्यापासून बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये हाय, आता सुपरवायझर, प्रोग्रॅमिंग सेटिंग सगळं येतं. हाताशी बारा लाख जमलेत. बाबा रिटायरमेंटमधले थोडे देतो म्हणतात खरं त्याला शक्यतो हात लावायचा नाही. कधीतरी स्वतःचं करायचं हे डोक्यात होतंच आणि आता एकदम चार गोष्टी पुढं आल्यात. एक, ओळखीतल्या एकानं सेकंड हँड व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) विकायला काढलंय, माच्छेला भाड्यानं गाळा पण मिळतोय, जॉबवर्क करायचं, म्हणजे दुसऱ्यांचे भाग मजुरीवर मशीनिंग करून द्यायचे. दुसरं, मेव्हणा खानापूरचा, तो म्हणतोय काजू फोडायचं युनिट टाकूया, बी आपल्याच भागात पिकते. तिसरं, चहाच्या एका कंपनीची फ्रँचायझी, कॉलेजच्या रस्त्यावर जागा बघितलीय, कंपनीवाले म्हणतात बेळगावला एकच जागा राहिली, आठवड्यात ॲडव्हान्स टाका. चौथं, मित्र एपीएमसीतनं भाजी भरून गोव्याला घालतो, दुसरी गाडी माझ्या पैशानं घ्यायची आणि निम्मं निम्मं.

चारी कागदावर मांडले, महिन्याला काय सुटेल ते लिहिलं, तर चारीत नफाच दिसतोय! घरी प्रत्येकजण वेगळ्या बाजूला ओढतंय, बायको म्हणते भावाला नाही म्हटलं तर वाईट दिसेल. दोन एकदम करावं काय असं पण वाटतंय. तुम्ही कसं ठरवता, काय बघून एखादं काम सोडून देता?

उद्यमबाग_जुना
भावा, नफ्याचा रकाना आधी खोडून टाक. कागदावर सगळ्याच धंद्यात नफा सुटतो, त्यावरनं निवड व्हायची नाही. त्याच्या जागी पहिली ऑर्डर कोण देणार त्याचं नाव लिही, माणसाचं नाव, "मार्केटला लई डिमांड हाय" असलं नाही. आणि पुढं लिही की खिशातनं गेलेला रुपया परत किती दिवसांनी येतो. ज्या ओळीत नाव लिहिता येत नाही ती ओळ तिथंच काट, मग त्यात कितीही सुटू दे.

व्हीएमसीचं बोलतो कारण माझं तेच काम. जॉबवर्कमध्ये एक सोय हाय, कास्टिंग (ओतून काढलेला कच्चा भाग) पार्टी म्हणजे काम देणारी कंपनी देते, मटेरियलला आपला पैसा लागत नाही. लागतो तो इन्सर्ट (कापायचं टोक), कुलंट, ऑपरेटरचा पगार, हेस्कॉमचं लाईट बिल आणि गाळ्याचं भाडं, आणि हे सगळं दर महिन्याला जातं, पार्टीचं पेमेंट मात्र साठ दिवसांनी, कधी नव्वद. म्हणून बारातले बारा मशीनला घालू नको, तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून जे उरेल तेवढ्यातच मशीन बसत असेल तर विचार कर, नाहीतर हे पण सोड. कायदा आपल्या बाजूनं हाय, 2006 चा एमएसएमई कायदा म्हणतो लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर जायचं नाही, गेलं तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, आणि 2024 पासून वेळेत पैसे दिले नाहीत तर देईपर्यंत पार्टीला इन्कम टॅक्समध्ये तो खर्च धरता येत नाही. उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंद) फुकट होते, पहिल्या दिवशी करून घे आणि बिलावर नंबर छाप. खरं एकाच पार्टीवर सगळं काम असलं की तिला कायदा दाखवायला कुणाचा जीव होत नाही. दोन पार्ट्यांची नावं लिहिता आली पाहिजेत, दुसरी छोटी असली तरी चालेल.

आणि रेट ठरवायच्या आधी हे विचार. कास्टिंग वरनं एकदम स्वच्छ दिसतं, फेस मारला, बोअर केला आणि शेवटच्या फिनिश पासला आत ब्लोहोल (हवेचं भोक) निघाला. तोवर तुझं सगळं मशीनिंग झालेलं असतं. पार्टी म्हणणार फाउंड्रीचा दोष, कास्टिंग बदलून देतो, पण तुझे तास, तुझा इन्सर्ट, त्याचं काय? मशीनिंगचे पैसे मिळणार का नाही हे पीओमध्ये, म्हणजे ऑर्डरच्या कागदात, लिहून द्यायला जी पार्टी तयार नाही तिचं काम मी घेत नाही, रेट कितीही चांगला असू दे. नवीन पोरं रेट ऐकून खूश होतात आणि हे विचारायचंच राहून जातं, त्याचं मला फार वाईट वाटतं कारण हाताची चांगली असतात ही पोरं.

गोवा_लाईन
भाजीत रोजचा पैसा हाय हे खरं. खरं पावसाळ्यात चोर्ला घाटात गाडी अडकली की पालेभाजी गेलीच. आणि मेन म्हणजे गाडी तुझ्या नावावर, गोव्यातली गिऱ्हाईकं मित्राच्या ओळखीची. उद्या तो बाजूला झाला तर तुझ्याकडं नुसता हप्ता राहतोय. सोड.

खानापूर_जंगलपट्टा
काजूचं सांगतो, आमच्या घरी हेच चालतं. बी येते मार्च ते मे. वर्षभर युनिट चालवायचं असेल तर त्याच दिवसांत बी घेऊन, वाळवून, पोती भरून ठेवावी लागते. साधारण चार किलो बीतनं एक किलो गर. तेव्हा बॉयलर, कटर, ड्रायरच्या कोटेशनवर जाऊ नका, मशिनरी एकदाच घ्यायची असते, बीला दर सीझनला रोख पैसा लागतो आणि तो वर्षभर थोडा थोडा करून सुटतो. सीझनला घेता आली नाही तर मग व्यापाऱ्याकडनं तो म्हणेल त्या दरानं घ्यायची. आणि अख्खा गर, पाकळी, तुकडा यांच्या दरात लई फरक, कामाला येणाऱ्या बायकांचा हात बसेपर्यंत तुकडाच जास्त निघतो. तुमच्या बारा लाखात मशिनरी पण आणि बी पण असं दोन्ही ओढाताणीचं होईल.

तरी मेव्हण्याला एकदम तोडू नका. चंदगड, आजऱ्याकडं जुनी युनिटं आहेत, एखाद्या युनिटवर थोडी बी फोडून घ्या आणि नुसता गर विकून बघा. मेव्हण्याच्या अंगात विकायची धमक आहे का नाही ते एका सीझनला कळेल, युनिट न टाकता.

हिशोबनीस
मी सीएच्या ऑफिसात काम करतो म्हणून आपल्या हद्दीवरचा एक मुद्दा, जो लोक सगळ्यात शेवटी विचारतात. शिनोळी, चंदगड आपल्याला घरच्यासारखं, सोयरीक बाजार सगळं एकच, पण ते महाराष्ट्रात, म्हणजे जीएसटीला दुसरं राज्य. कर्नाटकात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, पण करपात्र माल पलीकडं विकला की पहिल्या बिलापासून नोंदणी. आणि कंपोझिशन (लहान धंद्याची सोपी जीएसटी स्कीम) घेतलं असेल तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही. काजूगर कोल्हापूर किंवा गोव्याला घालायचा विचार असेल तर हे आधीच धरून चला. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही त्यामुळं तिथं प्रश्न येत नाही. जॉबवर्क ही सेवा, ती बाहेरच्या राज्यातल्या पार्टीसाठी केली तरी एकूण 20 लाखांपर्यंत नोंदणीची सूट मिळते. मात्र शिनोळीच्या पार्टीनं माच्छेला कास्टिंग पाठवलं तर मालाची किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल (माल नेण्याचा ऑनलाइन कागद) लागतंच, आणि पार्टी नवीन असेल तर ते कोण काढणार हे आधी ठरवून घ्या.

अजून एक. सबसिडी मिळते म्हणून धंदा निवडणारे खूप येतात. पीएमईजीपी या केंद्राच्या कर्ज-सबसिडी योजनेत जनरलला शहरात 15 टक्के, ग्रामीणला 25, पण ते पैसे हातात येत नाहीत, बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतात आणि मग कर्जात वळते होतात. आधी सबसिडी शून्य धरून हिशोब करा. तेव्हाही जमत असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सध्या काय चालू आहे ते विचारा.

शहापूरची_ताई
मी घरी मांडे आणि फराळाचं करून देते. दुकानदार येतात, रोज माल द्या म्हणतात, उरलेला परत घ्यायचा. मांडा परत येतो तो चुरा होऊनच, त्यामुळं परतीच्या बोलीवर माल द्यायचाच नाही हे मी सुरुवातीलाच ठरवून टाकलंय, आणि त्यामुळं कितीतरी मोठ्या ऑर्डरी सोडल्यात. दर वेळी नव्यानं विचार करत बसलं की समोरचा गोड बोलून आपल्याला होय म्हणायला लावतो. तुम्ही पण मशीनच्या धंद्याचे तुमचे दोन-तीन नियम आत्ताच लिहून काढा, गिऱ्हाईक समोर बसल्यावर नको.

चहाच्या कंपनीला तर आठवड्याची घाई घातली म्हणूनच नको म्हणा. तरी मन होत असेल तर त्यांनी दिलेल्या यादीतल्या दुकानांना फोन करू नका, त्यांची बंद पडलेली दोन दुकानं शोधा आणि त्या माणसांकडं जाऊन बसा. भाडं किती होतं, माल कंपनीकडनंच घ्यावा लागायचा काय, महिन्याला कंपनीला किती जायचं, सगळं सांगतात माणसं.

वहिनींचं म्हणणं मला पटतं हो, माहेरचा माणूस दुखावायला नको वाटतं. म्हणून त्यांच्या भावाला नुसतं "बघू" म्हणून टांगून ठेवू नका, त्यानं माणूस जास्त दुखावतो. स्पष्ट सांगा की यंदा जमणार नाही, गर विकून दाखवलात आणि बीच्या पैशाची सोय झाली की पुढच्या सीझनला परत बसूया. आणि दोन एकदम तर मुळीच नको, नोकरी सुटल्यावर घरात पगार येणार नाही, तेव्हा एकच काम नीट बघायला पण दिवस पुरत नाही.

माच्छेकर_सेटर
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी बसून सांगत नाही. चहा आणि भाजी सोडली. मेव्हण्याशी रविवारी बोलतो, ताईंनी सांगितलं तसंच. व्हीएमसीच्या ओळीत नाव लिहायला बसलो तर पहिलं नाव येतंय ते आत्ताच्या मालकांच्याच एका पार्टीचं, त्यांचा परचेसवाला मला नावानं ओळखतो, तू सुरू कर मी काम देतो म्हणतो. हे घेणं बरोबर होईल काय?

उद्यमबाग_जुना
नाही. ते नाव खोड. मालकाच्या आडून त्यांची पार्टी घेतलीस तर उद्यमबागेत ही गोष्ट लपत नाही, आणि असा परचेसवाला उद्या दुसऱ्या कुणाला पण हेच सांगेल. सरळ मालकांना भेट, मी स्वतःचं सुरू करायलोय म्हण, आणि तुमचं जे काम मशीन रिकामं नाही म्हणून मागं पडतंय ते मला द्या म्हण. तुझा हात त्यांनी बघितलाय, सेटिंग शिकवायला नको, रिजेक्शनची भीती नाही. ते काय म्हणतात त्यावर पुढचं ठरव. त्यांनी तोंडी होय म्हटलं तर किती तास, काय रेट आणि पेमेंट कधी, एका कागदावर लिहून घे, मग दुसरं नाव शोधायला काकती, होनग्याकडं फिर.

तोवर मशीनचा ॲडव्हान्स देऊ नको. विकणाऱ्याला म्हण मला दिवसभर चालवून बघायचंय. सकाळी गार असताना स्पिंडलला डायल (मापायचं घड्याळ) लावून रनआउट, म्हणजे फिरताना किती डगमगतो ते घे, दुपारी गरम झाल्यावर परत घे, तिन्ही ॲक्सिसचा बॅकलॅश (ढिलेपणा) बघ, आणि नुसतं हवेत फिरवून दाखवलेलं धरू नको, आपलं कास्टिंग घेऊन जा आणि कट मारून साइज बघ. नाही म्हणाला तर दुसरं मशीन मिळेल. होय म्हणाला तर मला मेसेज कर, माझा डायल घेऊन येतो.