नेपाळात राहिलात, फिरलात? तिथल्या हिंदूपणाचे अनुभव लिहा

धागाकर्ती (पुणे, काही वर्षं काठमांडूजवळच्या पाटणला)

नेपाळचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं ठरलेली. 'जगातलं एकमेव हिंदू राष्ट्र' हे पहिलं आणि 'माओवाद्यांनी सगळं बुडवलं' हे दुसरं. पहिलं 2006 सालीच शिळं झालं. दुसरं म्हणणाऱ्याने दसऱ्याच्या आधी काठमांडूच्या बसस्टँडवर जाऊन उभं राहावं. अख्खं शहर टिका लावून घ्यायला गावाकडे निघालेलं असतं.

1962 च्या राज्यघटनेत हिंदू राज्य होतं, 2006 मध्ये संसदेने देश धर्मनिरपेक्ष जाहीर केला, 2008 मध्ये राजाही गेला. 2015 च्या घटनेत धर्मनिरपेक्ष हा शब्द आहे, पण त्याला जोडूनच सनातन काळापासून चालत आलेल्या धर्म-संस्कृतीच्या संरक्षणाचा खुलासा आहे. शिवाय राष्ट्रीय प्राणी गाय. 2021 च्या जनगणनेत हिंदू 81 टक्के, बौद्ध 8, मुस्लिम 5, किरात (राई-लिंबू जमातींचा मूळ धर्म) 3. पण तिथे राहिलेल्या कुणालाही विचारा, हिंदू कुठे संपतो आणि बौद्ध कुठे सुरू होतो हे त्या रकान्यांत मावत नाही.

देवळांची यादी आणि टूरचे दर नकोत, ते सगळीकडे मिळतात. हा धर्म तिथल्या रोजच्या जगण्यात तुम्हाला कुठे भेटला ते लिहा. बोचलेलंही लिहा.

गलाईवाला (खानापूर तालुका, मुक्काम काठमांडू)

आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात सगळ्या भारतभर पसरली, तशी नेपाळातही आली. चुलते आधी आले, मागून मी. इथे सुट्टी शनिवारी, रविवारी धंदा चालू. भिंतीवरचं कॅलेंडर विक्रम संवताचं, म्हणजे इंग्रजी सालाच्या छप्पन-सत्तावन्न वर्षं पुढे. सरकारी कागद, बिल, शाळेचा दाखला, सगळं त्याच सालात. तिथी विचारायला इथे कुणाला पंचांग उघडावं लागत नाही.

दसऱ्याला इथे दशैं म्हणतात. घटस्थापना ते कोजागरी, पंधरा दिवस. घट आपल्यासारखेच बसतात. फरक एवढाच, की आपल्याकडे घटात पाच-सात धान्यं पेरतात, इथे मुख्य जव, आणि तेही अंधाऱ्या खोलीत, म्हणून रोपं पिवळीधमक येतात. त्याला म्हणायचं जमरा. गावाकडे घट उठल्यावर आमचे आजोबा ते धान टोपीत खोवायचे, इथे कानामागे खोवतात. पहिल्या वर्षी घरमालकांनी माझ्या कानामागे जमरा अडकवला तेव्हा पोटात कालवलं, कारण त्या साली मला गावी जाता आलं नव्हतं.

टिका म्हणजे तांदूळ, दही आणि लाल रंग कालवून कपाळभर थापतात. मोठ्यांनी लहानांना लावायचा, वर हातात पैसे ठेवायचे. देशाचाही कारभार तसाच. पूर्वी लोक राजाच्या हातून टिका घ्यायला रांगा लावायचे, आता राष्ट्रपतींच्या हातून लावून घेतात. सातव्या दिवशी गोरख्याहून फूलपाती येते, म्हणजे शहा राजांच्या मूळ गावाहून. राजे गेले, फूलपाती यायची थांबली नाही.

मला जड गेली ती नवमी. आपली खंडेनवमी आणि ही एकच. हत्यारं, यंत्रं, गाड्या पुजायच्या. फक्त आपण हळदकुंकू वाहतो, इथे बोकडाचं रक्त. गॅरेजमध्ये ट्रकच्या चाकावर रक्त शिंपडलेलं बघून आमचा माळकरी जीव कासावीस झाला. मालकांनी ओळखलं. म्हणाले, 'आमच्यातही न खाणारे आहेत, ते कुभिंडो कापतात.' बघतो तर कोहळा! तेव्हापासून आमच्या दुकानात कोहळा.

मिरजेचा मास्तर (निवृत्त)

पशुपतीच्या गाभाऱ्यात शिवलिंगाला हात लावून पूजा करायचा हक्क नेपाळ्यांना नाही, तो दक्षिणेतून आणलेल्या भट्टांचा. बरेचसे कर्नाटकच्या किनारपट्टीकडचे. सामान सांभाळायचं, मदत करायचं काम नेवारी (काठमांडू खोऱ्यातल्या मूळ समाजाच्या) भंडारींकडे. कारण असं सांगतात, की राजा गेला तर सगळ्या प्रजेला सुतक, मग देवाची पूजा करायची कुणी? म्हणून बाहेरचा माणूस. 2008-09 मध्ये सरकारने तिथे नेपाळी पुजारी नेमायचा प्रयत्न केला, तेव्हा रस्त्यावर आणि कोर्टात एवढा गदारोळ झाला की माघार घ्यावी लागली. मला गंमत वाटते ती ही, की राष्ट्रदैवताचा पुजारी परदेशी असावा यासाठी राष्ट्रवादीच भांडत होते.

खाली बागमतीच्या आर्यघाटावर चिता पेटत असतात, समोरच्या काठावर पर्यटक फोटो काढतात. मला ते बघवलं नाही. बाकीच्यांनी लिहावं.

पोखऱ्याची सून (मूळ नाशिक)

माझं सासर बाहुन, म्हणजे डोंगरी ब्राह्मण. लग्नानंतर पहिल्याच सणाला मी रीतीप्रमाणे सगळ्यांच्या पाया पडत होते आणि माझी नणंद मात्र ताठ उभी. उलट सासरे वाकून तिच्या पाया पडले. मी गार! इथे लेक पूज्य. आईवडील लेकीला नमस्कार करतात, भाचे-भाच्यांनाही. सुनेने मात्र सगळ्यांपुढे वाकायचं. नणंद तिच्या सासरी गेली की तीही वाकते, हा भाग नंतर कळला.

तीज म्हणजे आपली हरतालिका, तिथी तीच, भाद्रपद शुद्ध तृतीया. पण माझ्या आईची हरतालिका म्हणजे वाळूची पिंड, पत्री, रात्रीचं जागरण आणि उपासाने उतरलेले चेहरे. इथे आदल्या रात्री 'दर', म्हणजे गळ्यापर्यंत जेवण, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा थेंबही न घेता लाल साडीत दिवसभर नाच. काठमांडूत पशुपतीबाहेर लाल रंगाची रांगच्या रांग लागते. तीजेच्या जुन्या गाण्यांत बायका सासूला, नवऱ्याला, सावकाराला नावं ठेवतात, आणि त्या दिवशी ते ऐकून घ्यावं लागतं. आमच्या सासूआमा एरवी चकार शब्द काढत नाहीत, पण तीजेला सासऱ्यांच्या समोर काय काय गातात! आता महिना-महिना आधीपासून हॉलमध्ये 'दर पार्ट्या' चालतात, दागिन्यांची चढाओढ असते, त्याचा मला कंटाळा येतो.

दोन दिवसांनी ऋषिपंचमी. आघाड्याच्या काड्यांनी दात घासून नदीवर स्नान, आपल्याकडच्या आज्या करायच्या तसंच. व्रत कशासाठी हेही तेच: पाळीच्या काळात झालेल्या शिवाशिवीचं प्रायश्चित्त. ज्या घरात लेकीच्या पाया पडतात त्याच घरात पाळीचे चार दिवस मी स्वयंपाकघराबाहेर. नवरा इंजिनिअर, दीर डॉक्टर. दोघेही म्हणतात, 'आमाला (आईला) वाईट वाटेल.' मी व्रत करत नाही, आघाडा मात्र आणून देते.

सासूबाईंच्या आई गेल्या तेव्हा मामांनी तेरा दिवस कोपऱ्यात बसून एकवेळचं अळणी जेवण स्वतः रांधून खाल्लं. मग वर्षभर पांढरं. टोपीपासून कॅनव्हासच्या बुटापर्यंत सगळं पांढरं, आणि आई गेली म्हणून दूध वर्ज्य. ते बँकेत जायचे तेही याच वेषात, आणि काउंटरवर कुणी कारण विचारायचं नाही. दुःख असं वर्षभर अंगावर दिसू देण्याची मुभा आपल्याकडे आता कुणाला आहे?

भटक्या

छोटंसंच लिहितो. तिहारच्या (दिवाळीच्या) दुसऱ्या दिवशी ट्रेकवरून उतरत होतो. गावातल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला टिका. एक तर इतकं खाऊन पडलं होतं की भुंकायचंही विसरलं. आदल्या दिवशी कावळ्याचा मान, नंतर गाईचा आणि बैलाचा, आणि शेवटी भाऊबीज, तिला भाईटीका म्हणतात: सात रंगांचा टिका, मखमलीच्या फुलांची माळ आणि दारात फोडलेला अक्रोड.

स्वयंसेवी (अछाम जिल्ह्यात काम केलेली)

वरचं सगळं वाचून छान वाटलं, पण पोखऱ्याच्या ताईंनी जे चार ओळींत लिहिलं त्याचं टोक पश्चिम नेपाळात दिसतं. छाउपडी. पाळीच्या दिवसांत बाईने घराबाहेर छाउगोठात राहायचं. मी पाहिलेली गोठं गुडघ्यावर बसून आत शिरावं लागेल एवढी, दार नसलेली. थंडीत आत शेकोटी पेटवली तर धुराने गुदमरायचं, नाही पेटवली तर गारठायचं. उन्हाळ्यात साप. मृत्यू होतात आणि बातमी दोन दिवस चालते.

सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये प्रथा बेकायदा ठरवली, 2017 मध्ये शिक्षा आली: तीन महिने कैद किंवा तीन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मग पोलीस आणि प्रशासनाने हजारो गोठं पाडली. पुढच्या महिन्यात बायका कुठे गेल्या? कुणी जनावरांच्या गोठ्यात, कुणी प्लास्टिकच्या आडोशाला. पडकं गोठं पुन्हा बांधणाऱ्या एका आजीने मला सांगितलं, देव कोपला तर घरातलं माणूस जाईल, दंड काय, भरता येतो. तिला अडाणी म्हणणं सोपं आहे. तिच्या गावात दवाखाना एका दिवसाच्या चालीवर आणि धामी (अंगात येणारा) शेजारच्या घरात. तिचा हिशेब मला पटत नाही, पण कळतो.

मिरजेचा मास्तर

ताई, याला हिंदू धर्म म्हणू नये असं वाटतं. ही स्थानिक रूढी.

स्वयंसेवी

सर, त्या बायका त्याला धर्मच म्हणतात. वरच्या प्रतिसादातली ऋषिपंचमीची कथा एकदा वाचा.

कतारवासी

माझ्या साइटवर निम्मे नेपाळी. दशैंला मेसमध्ये टिका लावायचा कार्यक्रम होता. माझ्या गटातला मगर जमातीचा एक पोरगा खोलीतच बसून राहिला. मला वाटलं घरची आठवण आली असेल. तो म्हणाला, 'हा आमचा सण नाही. राजाने आमच्यावर आणला.' 1990 नंतर मगर, राई, लिंबू अशा जमातींत दशैं न मानण्याची चळवळ झाली, हे त्याच्याकडूनच कळलं. राणांच्या (राजाच्या नावाने सत्ता चालवणाऱ्या पंतप्रधान घराण्याच्या) काळात, 1854 च्या मुलुकी ऐनमध्ये, म्हणजे देशाच्या कायद्याच्या संहितेत, जातींची उतरंड लिहिलेलीच होती. वर जानवेधारी, मध्ये 'मतवाली' म्हणजे दारू पिणारे, खाली अस्पृश्य. याचे पणजोबा कायद्याने मतवाली. 1963 मध्ये ते कायद्यातून गेलं. त्याने मला एवढंच विचारलं, की तुमच्याकडे असं कायद्यात लिहिलेलं होतं का? मी मनुस्मृतीदहनाबद्दल सांगितलं. महाड कुठे आहे ते त्याने नकाशात बघून घेतलं.

गलाईवाला

आमच्या शेजारचं राई कुटुंब दशैं करतं, पण टिका पांढरा. लाल नको म्हणतात. त्याच घरातला धाकटा मुलगा अजिबातच करत नाही. जेवायला मात्र येतो.

नाथपंथी

आमच्या घरी श्रावणात नवनाथांची पोथी. बीड जिल्ह्यातल्या सावरगावच्या मच्छिंद्रनाथांच्या समाधीला दरवर्षी जाणं. ज्ञानोबांची परंपराही मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी, त्यामुळे पाटणला 'रातो मच्छिंद्रनाथा'चा रथ असतो हे कळल्यावर वैशाखात मुद्दाम गेलो.

रथ म्हणजे साठेक फुटी डोलारा, वेतांनी बांधलेला, चाकांवर रंगवलेले डोळे. ओढताना तो असा झुकतो की रस्त्याकडेच्या इमारतींतले लोक खिडक्या सोडून मागे सरतात. आमच्याकडे कथा आहे ती स्त्रीराज्याची आणि 'चलो मच्छिंदर गोरख आया'ची. इथली वेगळी: गोरखनाथ नागांवर आसन घालून बसले, बारा वर्षं पाऊस पडला नाही, तेव्हा त्यांना उठवण्यासाठी राजा नरेंद्रदेवाने त्यांच्या गुरूंनाच कामरूपाहून आणवलं. गुरू आले म्हटल्यावर शिष्य उठून उभा राहिला, नाग सुटले आणि पाऊस पडला. म्हणून हा रथ पावसाळ्याच्या तोंडावर. मला विचाराल तर आमच्यापेक्षा ही कथा सरस, गुरू-शिष्याचं नातं एका हालचालीत सांगून टाकते.

पुढे गोंधळलो. रथावरचे पुजारी शाक्य आणि वज्राचार्य, म्हणजे बौद्ध. नेवारी बायका त्याला 'करुणामय' म्हणून हात जोडत होत्या, त्यांच्या लेखी तो अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व. मी 'अलख निरंजन' म्हटलं. शेजारच्या आजोबांना विचारलं, हा नक्की कुणाचा देव? ते म्हणाले, 'पाऊस सगळ्यांवर पडतो.' आणि मला पुढे ढकललं, कारण माझ्यामुळे दोराला हात लागत नव्हता त्यांचा.

धागाकर्ती

नाथपंथींना दुजोरा. काठमांडूत बसंतपूरची कुमारी, म्हणजे जिवंत देवी मानलेली लहान मुलगी, जिच्यापुढे शहा राजे टिका लावून घ्यायला यायचे आणि आता राष्ट्रपती येतात, ती शाक्य घरातली, म्हणजे जन्माने बौद्ध मुलगी, आणि तिच्यात वास तलेजू भवानीचा. पाटणच्या आमच्या घरमालकीणबाई सकाळी बहालात (विहाराच्या चौकात) बुद्धाला पाणी वाहून येताना वाटेतल्या गणपतीलाही वाहायच्या, तांब्या एकच.

मुक्तिनाथ करून आलेली (सोलापूर)

आमचा सगळा गट साठीपुढचा, म्हणून जाणाऱ्यांसाठी लिहिते. मुक्तिनाथ सुमारे 3,700 मीटरवर. 108 गोमुखांखालून पळत अंघोळ करायची, पाणी बर्फाचं. बीपीच्या लोकांनी हे करू नये, हातावर पाणी घेतलं तरी विष्णूला चालतं. आमच्यातल्या एका काकांनी ऐकलं नाही, मग त्यांना शेकत बसावं लागलं. देवळात काम करणाऱ्या बौद्ध जोगिणी असतात, तीर्थही त्याच देतात. आमच्यातल्या एकीने सोवळ्याचा प्रश्न काढला, तिला बाकीच्यांनी गप्प केलं. खाली ज्वालामाईच्या देवळात दगडातून नैसर्गिक वायूची ज्योत जळते, वाकून जाळीतून बघावी लागते.

शाळिग्राम काली गंडकीच्या पात्रातले. वाटेवर दुकानं लावलेली असतात, भाव तोंडाला येईल तो सांगतात. फोडून चक्र दाखवलेले दगड महाग. घरच्या तुळशीच्या लग्नासाठी मला साधा, न फोडलेला हवा होता, तो विकणाऱ्या थकाली (तिथल्या स्थानिक जमातीच्या) बाईने पैसे घेण्याआधी कपाळाला लावला. जोमसोमला दुपारी वारा सुटतो, विमानं सकाळीच उडतात. एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा, आणि गोळ्या-औषधं चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.